रबराची चटई उचलून बघा

*आम्ही कराडला राहतो. मी शाळेतून निवृत्त झाले, यजमान साखर कारखान्यात फिटर होते. सांगलीच्या एका बेकरीची २०१४ची फोर्स ट्रॅव्हलर डिलिव्हरी व्हॅन पावणेतीन लाखांत मिळते आहे. तिचं चालतं घर करून कोकण, पंढरपूर आणि पुढे नर्मदा परिक्रमा करायची इच्छा आहे. पुतण्याने आराखडा काढलाय: अठरा एमएमच्या प्लायची कपाटं, इंडक्शन, टीव्ही, छोटा एसी, टपावर दीडशे लीटरची टाकी, मागे कॅरिअरवर जनरेटर. सुट्टीत दोन्ही नातवंडं मागच्या गादीवर लोळत येतील. नणंद म्हणते, या वयात हे खूळ कशाला. गाडी घ्यावी का? घेतली तर सुरुवात कुठून करावी? आणि पुढे सांभाळणं झेपेल का?*

ताई, नणंदबाईंचं राहू द्या. हे खूळ नाही. माझी स्वतःची अशी गाडी अकरा वर्षांपासून आहे. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ पहाटे पाच वाजता गाडीचं दार उघडून पायरीवर चहा पीत बसण्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही गाडी घ्यावी असंच मला मनापासून वाटतं. पण पुतण्याचा कागद घडी घालून काही महिने कपाटात ठेवा. त्यातल्या निम्म्या गोष्टींवर मी काट मारणार आहे, आणि एका गोष्टीवर तर दोनदा.

ती गोष्ट म्हणजे मागच्या गादीवर लोळत येणारी नातवंडं. डिलिव्हरी व्हॅन मालवाहू म्हणून नोंदलेली असते. माणसं बसायची ती पुढे, आरसीवर जितक्या जागा लिहिल्यात तितकीच. मागच्या भागात माणसं बसवलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईतून अंग काढून घेऊ शकते. पण विम्याचं सोडा. ताशी साठने जाणाऱ्या गाडीला कचकन ब्रेक लागला की गादीवरचं मूल थेट समोरच्या फळीवर जाऊन आदळतं, आणि त्याच्यामागून कुकर, पाण्याचा कॅन, बॅटरी असं जे जे सुटं असेल ते सगळं येतं. मुलांना न्यायचं असेल तर मागे चेसिसशी (गाडीच्या सांगाड्याशी) पक्क्या जोडलेल्या, पट्ट्याच्या सीट हव्यात आणि त्यांची नोंद आरसीवर हवी. तोवर नातवंडांनी एसटीने किंवा रेल्वेने यावं आणि मुक्कामी तुमच्या गादीवर खुशाल लोळावं.

यातूनच कागदांचा विषय निघतो. तो कंटाळवाणा आहे, पण पैसे देण्याआधी तोच संपवायचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय की कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेशी आरसीवरचे तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. रंग बदलणं किंवा किरकोळ फिटिंग यांची गोष्ट वेगळी. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, आणि खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला केंद्राच्या वर्गवारीत बिगर-वाहतूक वाहनांमध्ये जागा आहे. तेव्हा रस्ता आहे, मात्र तो आरटीओच्या दारातून जातो. कराडच्या कार्यालयात आरसीची झेरॉक्स आणि साधा आराखडा घेऊन यजमानांनी स्वतः जावं, एजंटला पाठवू नये. या मॉडेलला, या वर्षाच्या गाडीला मालवाहू वरून खासगी कॅम्पर अशी नोंद बदलून मिळेल का, आणि त्यासाठी आधी काय परवानगी घ्यावी लागेल, हे विचारावं. उत्तर लेखी मिळालं तर फार बरं. काम गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या एखाद्या बिल्डरकडे देणार असाल तर त्याच्याकडे या मानकाची मंजुरी आहे का, तेही विचारा.

आणि नाही म्हणाले तर? तर माझ्या ओळखीतले काही जण करतात तसं करा. गाडीचा पत्रा न कापता, न भोसकता, आत उतरवता येईल असं सामान बनवा: एक पेटी ज्यावर गादी पडते, एक पेटी ज्यात स्वयंपाक बसतो, आणि दोन्ही जमिनीवरच्या मूळ कड्यांना बेल्टने आवळलेल्या. गाडी मालवाहूच राहते, तुम्ही दोघं पुढे बसता, मुक्कामाला मागे झोपता. खिडकी मिळत नाही, ही त्यातली खरी उणीव.

बेकरीवाल्याने कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, तो उतरवून घ्या. दंडाच्या पावत्या तुंबल्यात का ते बघा. २०१४ची मालवाहू गाडी म्हणजे आठ वर्षं कधीच उलटली, त्यामुळे फिटनेस तपासणी दरवर्षी आणि पर्यावरण करही लागू. नोंद बदलली की विमा कंपनीला कळवून पॉलिसीही बदलून घ्या. ज्यांनी हे केलं नाही त्यांना दावा करताना फार जड गेलंय. लायसन्सची काळजी नको. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय आणि तुमची व्हॅन त्याच्या पुष्कळ आत आहे.

आता गाडीकडे वळू. बेकरीची गाडी हा शुभशकुन आहे. मासळी वाहिलेली गाडी मी कुणालाही घेऊ देत नाही. बर्फाचं खारं पाणी जमिनीच्या पत्र्यात आणि चेसिसच्या पोकळीत मुरतं, वरून कितीही रंग फासा, आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. वासाचं तर बोलायलाच नको. पाव हलका असतो आणि कोरडा असतो. म्हणजे पाट्यांवर (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगवर) फार भार पडलेला नसेल. बेकरीच्या गाडीचं दुखणं वेगळं: ती रोज पहाटे थंड इंजिनाने निघते, शंभर ठिकाणी थांबते, पुन्हा निघते. सेल्फ (स्टार्टर), क्लच प्लेट आणि सरकत्या दाराचे रोलर झिजलेले मिळतील. मुंगळे आणि झुरळंही मिळतील. जमिनीच्या फटींमधला पावाचा चुरा काढल्याशिवाय ती हटत नाहीत.

गाडी बघायला जाताना टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि मुलांच्या खेळातलं चुंबक न्या. पहिलं काम, मागची रबराची चटई उचला. मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. चटईखाली ओल साचते आणि गंज तिथेच सुरू होतो. वरवरचा लालसर गंज घासला की जातो, त्याला रेड ऑक्साइड आणि रंग पुरतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा आत गेला किंवा पापुद्रे सुटले तर तो पत्रा संपलेला आहे. चाकांवरच्या कमानी, दारांचा खालचा काठ, पुढच्या काचेच्या रबराखालचा कोपरा, टपाच्या कडेची पन्हाळ, पायरीची आतली बाजू ही सगळी ठिकाणं अशीच टोचून बघा. आणि चुंबक कशासाठी? डेंटरने जिथे लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारलाय तिथे ते नीट चिकटत नाही. दारावर थोडी लांबी चालते. चेसिसवर किंवा पाट्यांच्या हँगरजवळ अजिबात चालत नाही.

मग कुंभार्ली घाट. तुम्ही कराडच्या आहात, परीक्षेचा पेपर घराजवळच आहे. मालकाला सोबत घेऊन पाटण, कोयनानगर करत घाट गाठा. त्याआधीच्या चढांवर तापमानाचा काटा कुठवर जातो ते बघा. मध्यावर थांबून राहिला तर रेडिएटर आणि पाण्याचा पंप ठीक. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडे थोडे दाबा. ब्रेकचं पेडल हळूहळू खोल जाऊ लागलं, किंवा खाली पोचल्यावर एकाच चाकाशी जळका वास आला, तर त्या चाकाचं काम आहे. गाडी सकाळी पूर्ण थंड असताना पहिल्यांदा सुरू करूनही बघा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

या इंजिनाचं मला एक कौतुक आहे. जुन्या ट्रॅव्हलरमधलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या घराण्यातलं. मॅटॅडोरमध्येही तेच होतं. ट्रॅव्हलर बनवणाऱ्या कंपनीच्या गाड्या मुळात हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीच्या परवान्याने आपल्याकडे बनायला लागल्या आणि त्या नावावरून मराठीत प्रत्येक छोटी मालगाडी टेम्पो झाली. तीन-चार पिढ्यांच्या मिस्त्रींचे हात या इंजिनांवर बसलेत. नर्मदेकाठच्या एखाद्या तालुक्याच्या गावी गाडी अडली तरी ती उघडायला कुणी घाबरणार नाही. घरासाठी गाडी निवडताना हा गुण मी एसी आणि टीव्हीच्या कितीतरी वर धरतो.

घेतलीत समजा. तरी पुढचे दोन महिने तिच्यात एक फळीसुद्धा ठोकू नका. यांत्रिक कामं करून घ्या: सगळी तेलं, फिल्टर, कुलंट, होस पाइप, बेल्ट, ब्रेकचे लायनर, पाट्यांचे बुश. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१८ म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी तो टाकायचा. आणि मग रिकाम्या गाडीत गादी टाकून, एक गॅसची शेगडी आणि दोन कॅन घेऊन चार वेळा मुक्कामाला जा. डोकं कुठल्या बाजूला हवं, रात्री उठताना पाय कुठे पडतो, ओट्याची उंची किती हवी, गुडघे दुखत असतील तर पलंग किती उंच हवा, हे कागदावर कधीच कळत नाही. माझ्या गाडीतला पहिला पलंग दीड फूट उंचीचा होता. बायकोला त्यावरून उठताना त्रास व्हायचा. सगळं उखडून पुन्हा केलं.

आतल्या कामात सर्वांत जास्त जीव टपात घाला. माझ्या टपाला कॅरिअर बसवताना एका गॅरेजवाल्याने सहा भोकं पाडली आणि बाथरूमला वापरतात ते, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन भरलं. ते उघड्या पत्र्याला गंजवतं. पहिला पावसाळा निभला, दुसऱ्यात पलंगावरच्या फळीला डाग आला, तिसऱ्यात फळी हाताने मोडली. बस बांधणारे आणि काचा बसवणारे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरतात, तेच मागा. आणि भोक पाडल्यावर आधी त्याच्या काठाला रंग, मग सीलंट, मग बोल्ट.

पत्र्याच्या आतून ग्लासवूल भरू नका. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लीटरहून अधिक पाणी हवेत सोडतात. पावसाळ्यात ते थंड पत्र्यावर धरतं आणि ग्लासवूल ते पिऊन बसतं. पत्र्याला घट्ट चिकटणारी नायट्राइल रबराची शीट लावा, टप बाहेरून पांढरा रंगवा, आणि टपात एक हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी भोकं असतात, ती उत्साहाच्या भरात बुजवू नका.

अठरा एमएम प्लायची एक आठ बाय चारची शीट तीस-पस्तीस किलोची असते. पुतण्याच्या आराखड्यात मी सात शीट मोजल्या. टपावर दीडशे लीटर पाणी म्हणजे दीडशे किलो डोक्यावर, घाटाच्या वळणावर. टाकी खाली, मागच्या आसापुढे, शक्यतो दोन भागांत ठेवा, आणि ऐंशी लीटर पुष्कळ झाले. कपाटांना सहा किंवा नऊ एमएम आणि अॅल्युमिनियमचा सांगाडा चालतो. काम झाल्यावर पाणी, सामान आणि तुम्ही दोघं धरून गाडी वजनकाट्यावर न्या. साखर कारखान्याजवळ काट्यांना काय तोटा! पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी असं वजन घ्या आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा.

वीज. शंभर अँपिअरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॉट-तास. बारा व्होल्टचा छोटा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला पाचशेच्या आसपास खातो, पंखा रात्रभरात दोनशे, दिवे आणि मोबाइल मिळून शंभर-दीडशे. हे सगळं या एका बॅटरीत बसतं, आणि टपावरचं दोनशे वॉटचं सोलर कोरड्या दिवसांत ते जवळजवळ भरून काढतं. १,८०० वॉटचं इंडक्शन याच बॅटरीला चाळीस मिनिटांत झोपवेल, आणि तारांतून दीडशे अँपिअर खेळवेल. एसीचं गणित तर तीन-तीन बॅटऱ्यांवर जातं. उन्हाळ्यात कोकणात जाऊ नका, डिसेंबरात जा, एसी लागत नाही. आषाढात सोलरवर विसंबू नका. तेव्हा चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर कामाला येतो. यजमान फिटर आहेत, हात तयार आहे, तरी एक सांगतो: मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा आणि प्रत्येक तार पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेटमधून (कड्यातून) जायला हवी. हादऱ्याने तार घासत राहते आणि आग अशीच लागते.

जनरेटरवर मात्र लाल रेघ. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. तपासात निघालं ते असं की जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. गाडीला बांधलेला जनरेटर नको, बंद गाडीत रात्री पेटती शेगडी नको, शेकोटीचे निखारे तर नकोच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा.

गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरून साचतो. म्हणून सिलिंडरची पेटी गाडीच्या आतल्या बाजूने हवाबंद आणि तिच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक हवं. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी ए ते डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ते चाचणीची मुदत सांगतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी पुढची तिमाही. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. गाडी चालत असताना रेग्युलेटर बंद.

सांभाळणं झेपेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अशा गाड्या धावून कमी आणि उभ्या राहून जास्त बिघडतात. पंधरा दिवसांतून एकदा तिला पंधरा किलोमीटर फिरवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन फिरवण्याने उलट नुकसान होतं, सायलेन्सरमधलं पाणी आतच राहतं. तेल किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला बदला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी पावसाळ्यात महिन्याला काढा. पावसाळ्यात उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला धरून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड घाला. गाडी आंब्या-फणसाखाली ठेवाल तर पानं पन्हाळीत कुजतात आणि उंदीर वायरिंगमध्ये घर करतात. बॉनेट आठवड्याला उघडून बघा. लिथियम बॅटरी महिनाभर वापरणार नसाल तर निम्मी भरलेली ठेवा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर, टपावर चढून प्रत्येक सांधा बोटाने चाचपा. ते काम यजमानांचं. वहीत तारखा लिहिण्याचं काम तुमचं. तुम्ही हजेरीपट सांभाळलेत, गाडीची वहीही तुमच्याकडेच नीट राहील.

नर्मदेसाठी एक सूचना. परिक्रमेत मोठी गाडी घेऊन घाटापर्यंत जाऊ नका. आश्रमात आणि धर्मशाळेत आधी विचारा, उभी करायला जागा देतात. भांड्याचं पाणी बादलीत साठवा, नदीच्या काठी सोडू नका. पुढे कधी उत्तरेला निघालात तर दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर काय निर्बंध आहेत ते आधी तपासून घ्या, ते बदलत असतात.

सांगलीला पहिल्यांदा जाल तेव्हा ऊन चढल्यावर जा, म्हणजे मागची दोन्ही दारं उघडल्यावर आतवर उजेड पडेल. चटई उचलल्यावर खाली काय दिसलं त्याचा आणि चाकांवरच्या कमानींचा फोटो काढून मला पाठवा. तोवर विसार देऊ नका.